ठसक्याचे गुण

माणसाच्या श्रमाचं मोल न्याय्य रीतीने ठरवणं हीच कोणत्याही संस्कृतीची अखेरची कसोटी होय. हे वाक्य नवनीत पाटलाने स्वतः लिहिलं होतं, दोनदा खोडून, आणि रतिलालभाईंच्या मिरची कंपनीच्या नव्या वेतनरचनेच्या टिपणात ते सर्वांत वर होतं. त्याच्या लगेच खाली विषय लिहिला होता: मिरचीमुळे येणारा ठसका, शिंका इत्यादींबाबत गुण देणे.

ते गुण आज द्यायचे होते, आणि आज सकाळी कंपनीच्या फाटकातून आत शिरताना नवनीतला एकदम वाटलं की आपलं काहीतरी राहिलं आहे. त्याने खिसे चाचपले. चष्मा होता, रुमाल होता, किल्ली होती, डब्याची पिशवी हातात होती. चपला दोन्ही पायांत आणि एकाच जोडीतल्या होत्या. तरी काहीतरी नव्हतं. घरातून निघताना गॅस बंद केला का, असं वाटतं तसलं हे नव्हतं. गॅस हा त्याचा विषयच नव्हता. जत्रेत बोटाला धरलेलं मूल आहे असं समजून आपण चालत राहावं आणि हाताला नुसतीच हवा लागावी, तसं काहीसं. तो फाटकाशी क्षणभर उभा राहिला. समोर पथारीवर, म्हणजे मिरच्या वाळत घालायच्या मोकळ्या मैदानावर, लाल पसारा उन्हाची वाट बघत होता. पलीकडे रस्त्यावरून एक दुचाकीवाला नाकाला रुमाल बांधून, डोळे पुसत, शिव्या देत गेला. नवनीतने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी गरीब माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे टाकतो. परक्या माणसाला फुकट मिळणारी ती गोष्ट नवनीतला वीसेक वर्षांत मिळाली नव्हती. त्याला ठसका येत नव्हता. आणि आज दुपारच्या आत तो आला नाही, तर तो आपल्या बायकोच्या धाकट्या भावाच्या खालच्या श्रेणीत कायमचा जाणार होता.

कॅबिनमध्ये येऊन तो खुर्चीवर बसला आणि नेहमीसारखा टेबलावरचा पाण्याचा ग्लास आधी मधोमध सरकवला, कारण कडेला ठेवलेला ग्लास चालत चालत पडतो. ही सगळी न्यायाची भानगड त्याने स्वतःच अंगावर घेतली होती. त्याआधी कंपनीत पगार रतिलालभाई ठरवायचे. दिवाळीच्या आदल्या दिवशी ते गादीवर बसत आणि एकेकाला आत बोलावून कामाबद्दल एक अक्षर न विचारता म्हणत, "काय रे, घरमा काय चालनं?" मग ज्याची मुलगी लग्नाला आली त्याचा पगार वाढे, ज्याच्या घरावर स्लॅब पडायचा त्याचा वाढे, ज्याची आई अंथरुणाला खिळली त्याचा वाढे. ज्याचा मुलगा कमावता झाला त्याचा वाढत नसे, कशाला वाढवायचा? या पद्धतीत हुशार माणसं आपली संकटं ऑक्टोबरपर्यंत पिकवून आणत. पॅकिंगच्या एका हेल्परने मुलाची सुरतची नोकरी तीन दिवाळ्या लपवली होती. विचारलं की पोऱ्या देवाला गेलाय म्हणायचा, आणि इतके देव कुठे आहेत असं रतिलालभाईंनी कधी विचारलं नाही. नवनीतला मात्र एकुलता एक मुलगा, तो वेळेवर शिकला, वेळेवर सुरतेला नोकरीला लागला, आणि नवनीतने ते त्याच आठवड्यात पेढे वाटून जाहीर केलं. त्या दिवाळीला रतिलालभाई म्हणाले, "पोऱ्या लागना? भलतं बेस व्हयनं. मंग तुले आते काय कमी?" नवनीत गादीवरून उठला तेव्हा त्याला पहिल्यांदा वाटलं की पगार ही गोष्ट विज्ञानाच्या हाती जायला हवी. आपल्याला मुलगी नाही, आई केव्हाच गेली, घरावर स्लॅब आहे आणि तब्येत ठणठणीत आहे. अशा माणसाला या जगात बढती मिळणार तरी कशावर?

विज्ञान मग रतिलालभाईंच्या मुलाच्या, हेमराजच्या रूपाने पुण्याहून आलं. तो व्यवस्थापन शिकून आला आणि म्हणाला, पाटीलकाका, आपण माणसाला पगार देत नाही, पदाला देतो. नवनीतला हे इतकं आवडलं की त्याने ते घरी जाऊन बायकोला, रुपाला सांगितलं. रुपा म्हणाली, "मंग पदलेच भाकर करी घाला." पण रुपाला शास्त्राची गोडी नव्हती. हेमराजने पुस्तक काढलं, नवनीतने कागद काढला, आणि प्रत्येक पदाला शिक्षण, अनुभव, जबाबदारी, ग्राहकांशी संबंध आणि कामाची परिस्थिती अशा पाच रकान्यांत गुण द्यायचं ठरलं. गुणांची बेरीज करून श्रेणी काढायची, आणि श्रेणीवरून पगार. पुस्तकात कामाच्या परिस्थितीखाली धूळ, उष्णता आणि आवाज एवढंच होतं. नवनीत म्हणाला, हे पुस्तक लिहिणारा कधी नंदुरबारला आलेला दिसत नाही. त्याने तिथे चौथा शब्द घातला: ठसका. हेमराजने त्याची पाठ थोपटली, स्थानिक ज्ञान यालाच म्हणतात म्हणाला. एवढंच नाही, उद्या हिशेबनीस येऊन मागेपुढे करायला लावेल म्हणून नवनीतने खाली नियमही लिहून ठेवला, की एकदा नोंदवलेले गुण कोणत्याही सबबीवर बदलता येणार नाहीत. आयुष्यात त्याने इतकं पक्कं वाक्य दुसरं लिहिलं नव्हतं. त्याच वाक्यात तो अडकला. कारण पहिल्या चार रकान्यांची बेरीज झाली तेव्हा विक्री विभागातला अजित, त्याचा शालक, ज्याला त्यानेच हाताला धरून या कंपनीत आणलं होतं, ग्राहकांशी संबंधाच्या जोरावर चौथ्या श्रेणीत जाऊन बसला होता. आणि ज्याने रकाने आखले तो नवनीत तिसऱ्या श्रेणीत, वरच्या कडेला, नखाएवढ्या अंतरावर लोंबकळत होता. मनुष्यबळ व्यवस्थापकाचे ग्राहकांशी संबंध काय? कुणाचेच नाहीत. हे नवनीतनेच लिहून दिलं होतं, प्रामाणिकपणे, आणि त्या वेळी त्याला स्वतःच्या प्रामाणिकपणाचं कौतुकही वाटलं होतं. आता उरला होता पाचवा रकाना. तिथे 'तीव्र' अशी नोंद मिळाली तर तो चौथीत जाणार होता, 'सौम्य' मिळाली तर लोंबकळत राहणार होता.

घरी हे त्याने सांगायला नको होतं. रुपाने भाकरी थापता थापता हात थांबवला होता. "म्हंजे मन्हा भाऊ तुम्हना वर?" वर नाही, एक श्रेणी पुढे, तो म्हणाला. "पुढे म्हंजे वरच ना." कागदावर गं. "मंग मी म्हसावदले काय सांगू?" काहीच सांगू नकोस. "आसं कसं? आईना फोन येस रोज." तिच्या चेहऱ्यावर नवऱ्याबद्दलची काळजी होती आणि काळजीच्या मागे, पडद्यामागून लहान मूल डोकवावं तसं, काहीतरी हसत होतं. ती दोन्हीकडून जिंकलेली होती. नवनीतला म्हसावदची, सासरची ओसरी दिसली, अखजीची म्हणजे अक्षय्य तृतीयेची दुपार, आंब्याचा रस आणि पुरणपोळ्या. लग्न झाल्यापासून त्या ओसरीवर भिंतीला टेकून बसायची पहिली जागा जावयाची, म्हणजे त्याची. तिथे बसून तो नोकरी, बाजार, देश या विषयांवर बोलायचा आणि अजित खालमानेने वाटी फिरवायचा. येत्या अखजीला अजित वाटी फिरवेल, पण मान खाली घालेल का? आणि सासरे, जे ऐकू येत नसल्यामुळे प्रत्येक गोष्ट मोठ्याने विचारतात, ते साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारतील, "पाव्हना, तुम्ही कितव्वीमा?" शाळेतल्या पोराला विचारावं तसं. पन्नाशी उलटलेला माणूस उत्तर देईल, तिसरीत.

परवा सकाळी त्याने सराव करून पाहिला होता. रुपाने तव्यावर लाल मिरच्या भाजायला घेतल्या तशी त्याने खिडकी लावली आणि तव्यावर वाकून उभा राहिला. रुपा पदर तोंडावर धरून अंगणात पळाली. मांजर गेलं. शेजारचा म्हातारा भिंतीपलीकडून खोकत खोकत ओरडला, "कोन जळी ऱ्हायनं रे, माणूस का मिरची?" गल्लीत शाळेला निघालेली पोरं शिंकायला लागली, दूधवाल्याने गाडी वळवून नेली, आणि त्या धुराच्या गाभ्यात नवनीत कोरड्या डोळ्यांनी उभा होता, घशाकडे लक्ष लावून, जसं कुणी रिकाम्या विहिरीत वाकून दगडाचा आवाज ऐकतं. काही नाही. शेवटी त्याने आवाज दिला, "झाल्या का गं मिरच्या?" आणि त्याचाच आवाज त्याला इतका स्वच्छ, इतका निरोगी ऐकू आला की त्याला लाज वाटली.

तसा तो जन्मापासून असा नव्हता. लहानपणी गावी, कोरीटला असताना तर आई, नर्मदाबाई, फोडणी टाकायच्या आधी त्याला नाव घेऊन बाहेर पिटाळायची. एकदा ती त्याला घेऊन मिरचीच्या गाडीबरोबर नंदुरबारच्या बाजारात आली होती. एवढे लाल डोंगर त्याने पहिल्यांदाच पाहिले. तोंड उघडून आ करून बघत राहिला, आणि त्या आ मध्ये तो पहिला खरा ठसका शिरला. जीव जातो की काय असं झालं. आईने पाठीत धपाटा घातला, मग टाळूवर हाताने हळूहळू थापट्या मारत म्हणाली, "वर देख, नवन्या, वर देख." त्याने वर पाहिलं. वर काहीच नव्हतं, नुसतं पांढरं आभाळ, पण तेवढ्यात ठसका थांबला. मग आईने नाकडोळे पुसले आणि म्हणाली, कोणीतरी याद काढली बघ. कोणी, ते सांगितलं नाही. इथे कंपनीत लागला तेव्हा पहिला महिना तो सारखा खोकायचा, रतिलालभाईंनी स्वतः गुळाचा खडा दिला होता, आणि त्याला त्या खोकण्याचं काही वाटायचं नाही, कारण प्रत्येक ठसक्याला कुणीतरी याद काढत होतं. इतकी माणसं आपली याद काढतात असं समजून नोकरी करण्यात एक मजा होती. मग ते केव्हा थांबलं? नोकरीत कायम झाल्याचं पत्र आलं होतं, तारीख घालून, सहीशिक्क्यासह. ठसका बंद झाल्याचं पत्र आलं नाही. एके दिवशी शेवटचा ठसका येऊन गेला असेल आणि तो शेवटचा आहे हे त्याला कळलंही नसेल, तो बहुधा तेव्हा कुणाच्या तरी रजेचा अर्ज वाचत असेल. आईही तशीच, तो हजेरीपत्रक बघत असताना गेली.

दारावर टकटक झाली. हेमराज आणि त्याच्या मागे पुण्याच्या सल्लागार कंपनीची रविना वसावे. ती मूळची इकडचीच, अक्कलकुव्याजवळच्या डोंगरातल्या गावची, नाशिकला शिकलेली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट, चेहऱ्यावर काहीही नाही. नवनीत गुण देणाऱ्या समितीचा सदस्य सचिव असल्यामुळे तो आपल्या खुर्चीवरून उठून त्यांच्या बाजूला गेला. त्याच्या पदाची पाहणी सर्वांत शेवटी होती, तेव्हा त्याला परत टेबलाच्या त्या बाजूला जाऊन पदधारक व्हायचं होतं. "सुरुवात मिरची दळायच्या गिरणीपासून करू या का?" रविनाने विचारलं. हेमराज म्हणाला, "मागच्या शेडला धूळ फार आहे मॅडम, तुम्हाला त्रास होईल. गिरणीवाल्यांचं आपण कागदावरच करून टाकू." नवनीतने मान डोलावली. कागदावर गोष्टी स्वच्छ होतात यावर त्याचा पहिल्यापासून विश्वास होता.

पथारीच्या कडेला पत्र्याच्या सावलीत देठ तोडणाऱ्या बाया बसल्या होत्या, आणि त्यांची मुकादम दिवलीबाई उभी होती, कमरेवर हात ठेवून, सासूने वरात बघावी तशी. हेमराजने समजावून सांगितलं की मावशी, या मॅडम तुमच्या कामाचा त्रास मोजायला आल्या आहेत, तर नेहमी काय होतं ते मोकळेपणाने दाखवा. दिवलीबाईने विचार केला. "खोकानं शे का?" हो, म्हणजे येत असेल तर. "कितला येळ खोकानं?" नवनीत म्हणाला, बाई, वेळ असा काही नाही, नैसर्गिक. "रोज खोकानं का आजच?" आजच. "मंग आजना रोज येगळा लागी." बाया फिदीफिदी हसल्या. हेमराजने नवनीतकडे पाहिलं, नवनीतने नियमाकडे. नियमात खोकण्याच्या वेगळ्या रोजाची, म्हणजे मजुरीची, तरतूद नव्हती. मग दिवलीबाईने मागे वळून हात वर केला आणि सगळ्या बाया एकदम खोकल्या. पहिली ओळ चांगली खोकली, पण मागच्या ओळीत कुणीतरी कोंबड्यासारखा आवाज काढला, आणि मग खोकणं कुठे संपलं आणि हसणं कुठे सुरू झालं ते कुणालाच सांगता आलं नसतं. एक म्हातारी तर हसता हसता मिरच्यांच्या ढिगावर आडवी झाली आणि डोळे पुसत पुन्हा हसू लागली. रविनाने दिवलीबाईला त्यांच्या डोंगराच्या बोलीत काहीतरी विचारलं. दिवलीबाईने मागच्या शेडकडे अंगठा करून काहीतरी उत्तर दिलं. दोघी हसल्या. नवनीतला ती बोली येत नव्हती. इतकी वर्षं त्या बायांची हजेरी त्याच्याकडे असूनही येत नव्हती, आणि तिथे त्याला पुन्हा वाटलं, काहीतरी राहिलं आहे. "काय म्हणाल्या?" त्याने विचारलं. "काही नाही सर, कामाच्या परिस्थितीबद्दल," रविना म्हणाली आणि टॅबलेटवर बोट टेकवलं.

ऑफिसात बातमी आधीच पोचली होती. समिती जिन्यात असतानाच हिशेब विभागातून खोकल्याचे आवाज येऊ लागले. हिशेबनीस टेबल धरून वाकला होता, त्याच्यासमोर वाफेचं भांडं होतं, आणि ते भांडं त्याने घरून आणलेलं होतं. खरेदीवाल्याने गळ्याला मफलर गुंडाळला होता. संगणकावरचा मुलगा, जो दिवसभर एसीच्या खोलीत दार लावून बसायचा, तो इतका खोकला की हेमराजला त्याच्या पाठीवर हात ठेवावा लागला. नवनीतला त्यांचा तिरस्कार वाटायला हवा होता, पण त्याला वाटला हेवा. किती सहज आणतात! आणि मग विक्री विभाग. अजित ग्राहकाशी फोनवर बोलत होता. समिती आत येताच त्याने फोन खाली ठेवला, छातीवर हात नेला, एक लहान ठसका दिला, थांबला, जणू आवरला, "सॉरी मॅडम" म्हणाला, आणि मग त्याला आवरेना. तो आवंढा गिळत होता, डोळ्यांत खरं पाणी होतं, मध्येच तो हाताने 'तुम्ही बसा, माझं काय' अशी खूण करत होता. रविना बघत राहिली. निघताना अजित हळूच नवनीतच्या कानाशी आला. "दाजी, टेन्शन लेऊ नका. घसामाईन काढशात तं खोटा वाटस. पोटमाईन काढा." त्याच्या आवाजात खरी माया होती, आणि तीच नवनीतला सहन झाली नाही. आजवर सल्ला नवनीत द्यायचा. याला इथे आणलं त्या पहिल्या दिवशी फाटकाशी त्याने सांगितलं होतं, अजित, शेठ समोर आले की खिशातून हात काढायचा. आता हा त्याला सांगत होता हात कुठे ठेवायचा ते.

मग त्याची वेळ आली. तो टेबलाला वळसा घालून पदधारक झाला. शिपायाने चहा आणला. चहावर साय धरली होती आणि ती सलग होती, तळ्यावरच्या शेवाळासारखी निश्चल. एरवी या टेबलावरच्या कपात सारखी वर्तुळं उठत, साय कधी धरतच नसे. नवनीतला वाटलं, आपला हात स्थिर आहे, मन स्थिर आहे. आणि ते वाईट होतं, कारण स्थिर माणूस खोकत नाही. त्याने पोटातून काढायचा प्रयत्न केला. निघाला तो एक प्रकारचा हुंकार, सभेच्या अध्यक्षाने बोलायच्या आधी काढावा तसा. हेमराज सांत्वनाच्या सुरात म्हणाला, "घ्या काका, वेळ घ्या." अजित दाराच्या फटीत उभा राहून मान हलवत होता: पोटमाईन, पोटमाईन. त्याच्या मागे दिवलीबाईही वर आली होती, वेगळ्या रोजाचं विचारायला. रविनाने टॅबलेट पुढे ओढला. "तोवर एक प्रश्न उरलाय सर, सगळ्या पदांना विचारायचा आहे. तुमच्याच नमुन्यातला." तिने वाचलं. "हे पद कंपनीत नसेल, तर कोणतं काम थांबेल?"

हा प्रश्न नवनीतनेच घातला होता. घालताना त्याला तो फार मार्मिक वाटला होता. हिशेबनीस यावर कसा गप्प होईल याचं चित्र त्याने मनात रंगवलं होतं. आता तो प्रश्न टेबलावरून त्याच्याकडे आला, आणि त्याने वेळ काढण्यासाठी चहाचा घोट घेतला. कोणतं काम थांबेल? हजेरी? ती बोटाच्या मशीनवर होते. रजा? लोक रजा घेतात आणि मग अर्ज देतात. पगार रतिलालभाई ठरवतात, पुढच्या दिवाळीलाही तेच ठरवतील, गादीवर बसून, घरमा काय चालनं विचारत, हे या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तो त्या खोलीभर, कंपनीभर, पथारीपासून मागच्या शेडपर्यंत मनाने फिरला, काहीतरी थांबलेलं ऐकू येतं का ते ऐकत. सगळीकडे शांत होतं. फार शांत होतं. आणि त्या शांततेत चहाचा घोट, साय आणि एक श्वास असे तिघे एकाच दारातून आत जायला निघाले.

तसा ठसका कंपनीच्या इतिहासात कुणाला आला नव्हता, असं पुढे शिपाई सांगत असे. चहा नाकातून आला. चष्मा टेबलावरून जमिनीवर गेला. नवनीत उठला, बसला, पुन्हा उठला, त्याचे डोळे पुढे आले, चेहरा पथारीच्या रंगाचा झाला, आणि घशातून असा आवाज येऊ लागला की हिशेब विभागातलं खोकणं आदराने थांबलं. अजित ओरडला, "दाजी! बस व्हयनं दाजी, लिखी लिधं त्यास्नी!" हेमराज पाणी पाणी करत पाण्याच्या ग्लासाकडे बघत उभा राहिला. कुणालाही न विचारता दिवलीबाई आत आली, तिने मनुष्यबळ व्यवस्थापकाच्या पाठीत एक जबर धपाटा घातला आणि त्याच्या टाळूवर थापट्या मारत म्हणाली, "वर देख, साहेब, वर देख."

त्याने वर पाहिलं. वर पंखा होता, पत्रा होता, पत्र्याच्या कडीला कोळ्याचं जाळं होतं, धुळीने लाल झालेलं, जे इतकी वर्षं सारखं थरथरत असायचं. ते आज थरथरत नव्हतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या पाण्यातून त्याला वाटलं की कुणीतरी आपली याद काढली, खूप लांबून, कोरीटच्या बाजूने. ठसका थांबला. खोलीत सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात, त्याला अगदी स्पष्ट दिसलं, चौथी श्रेणी होती. त्याने रुमालाने नाक पुसलं. अखजीची ओसरी, भिंतीला टेकायची जागा, खाली मान घालून वाटी फिरवणारा अजित, सगळं परत आपापल्या ठिकाणी जाऊन बसलं. "रोजचंच आहे," तो रविनाला म्हणाला. खोटं बोलतोय असं त्याला वाटलं नाही. ठसका खरा होता. या सगळ्या इमारतीत आज एवढाच खरा होता.

"लिहिलं मी," रविना म्हणाली. "तीव्र."

"म्हणजे चौथी," हेमराज म्हणाला. "अभिनंदन काका."

"हो," रविनाने बोटाने पडदा वर सरकवला. "अजित सर पाचवीत गेले. हिशेब विभागही एकेक वर. मावशींच्या बाया, गिरणीवाले, वॉचमन, सगळे एकेक श्रेणी वर. क्रम तोच राहतो."

नवनीतला वाटलं, तिला ऐकू कमी येतं, सासऱ्यांसारखं. "सगळ्यांना तीव्र?"

"सगळ्यांना. दुसरं काय लिहिणार सर? गिरणी बंद असताना लोक इतके खोकतायत, तर चालू असताना काय होत असेल? अहवालात मी तसं कारण दिलंय."

"बंद?" नवनीत म्हणाला.

"सकाळपासून. खाली मावशींनी सांगितलं ना मला." दिवलीबाईने मान डोलावली, आणि मग, कुणीच विचारत नाही हे बघून, स्वतःच विचारलं, "मंग आजना रोज?"

तेवढ्यात जिन्यावरून रतिलालभाई वर आले, दम खात, पाहुणीसाठी बर्फीचा डबा घेऊन. काय चाललंय हे त्यांनी विचारलं नाही, नवनीतच्या ओल्या शर्टाकडे बघून "काय रे नवनीत, घरमा बरं शे ना?" एवढं विचारलं आणि डबा टेबलावर ठेवला. गिरणीचं निघालं तेव्हा म्हणाले, "मीच सांगेल व्हतं, बंद ठेवा म्हणीसन. पुण्यानी पाव्हनी येवाव, तिले उगाच ठसका लागी जाई. झायं ना तुम्हनं? मंग चालू करू दे आते." त्यांनी खिडकीतून मागच्या शेडकडे हात केला.

गिरणी सुरू झाली. ग्लास टेबलाच्या कडेकडे चालू लागला, जाळं थरथरलं, उरलेल्या चहात वर्तुळं उठली. सगळे बर्फी खात उभे होते. कुणालाही ठसका आला नाही.